खूण लावणारं, खूण पुसणारं पोर्ट

ऑफिसच्या टेबलाखालच्या सॉकेटमध्ये केबल खोचली की काँप्युटर नेटवर्कवर येतो. आपण अकाउंट्सच्या नेटवर्कवर आहोत की पाहुण्यांच्या, याचा त्याला पत्ता नसतो. ते ठरलेलं असतं केबलच्या दुसऱ्या टोकाला, स्विचच्या ॲक्सेस पोर्टवर.

एकाच स्विचचे आतल्या आत अनेक स्विच करायचे, ही व्हीलॅनची कल्पना. एका व्हीलॅनमधला ब्रॉडकास्ट दुसऱ्यात पोचत नाही. ॲक्सेस पोर्ट यांपैकी एकाच व्हीलॅनचं. काँप्युटरकडून येणारी फ्रेम, म्हणजे डेटाचा एक तुकडा, कोरी असते. ती आत शिरताच स्विच तिला त्या पोर्टच्या व्हीलॅनमध्ये धरतो. ती ट्रंकवरून, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या दुव्यावरून, दुसऱ्या स्विचकडे निघाली तर तिच्यात चार बाइटचा टॅग घालतात आणि पलीकडच्या ॲक्सेस पोर्टमधून बाहेर सोडताना काढून घेतात. टॅगमधले १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकाचे. ४०९६ क्रमांकांतला पहिला आणि शेवटचा राखीव, उरले ४०९४. टॅगची ही रीत ठरवणारं ८०२.१क्यू मानक १९९८चं. टॅगमुळे फ्रेमची कमाल लांबी १५१८ बाइटवरून १५२२ झाली, पण ती वाढ ट्रंकवरच राहिली. टेबलावरच्या जुन्या यंत्रांना कुणी हात लावला नाही, आणि माझ्या मते मानकाचं खरं शहाणपण त्यातच होतं.

ॲक्सेस पोर्ट एकाच व्हीलॅनचं, या नियमाला एक पळवाट आहे. टेबलावरच्या आयपी फोनच्या पाठीत काँप्युटर जोडतात, तेव्हा एकाच पोर्टवर फोनचा आवाज टॅगसह येतो आणि काँप्युटरचा डेटा कोरा.

केबल लावल्यावर जुन्या स्पॅनिंग ट्रीत, म्हणजे स्विचांमधली चक्राकार वाट अडवणाऱ्या व्यवस्थेत, पोर्ट पंधरा-पंधरा सेकंदांचे दोन टप्पे थांबतं. तेवढ्यात लॅपटॉप आयपी पत्ता मागून थकतो आणि ‘नेट बंद आहे’ म्हणून फोन येतो. म्हणून सिस्कोच्या स्विचवर ॲक्सेस पोर्टला हे थांबणं टाळणारं पोर्टफास्ट लावतात, सोबत बीपीडीयू गार्डही. कुणी टेबलाखाली स्पॅनिंग ट्री बोलणारा आणखी एक स्विच जोडला, तर या गार्डमुळे पोर्ट स्वतःच बंद पडतं.

तरी एक उणीव उरतेच. पोर्ट जागा ओळखतं, माणूस नाही. मीटिंग रूममधल्या सॉकेटला केबल लावणारा कुणीही आतला ठरतो. २००१च्या ८०२.१एक्सने पोर्टला आधी ओळख विचारायला शिकवलं. पण बऱ्याच जुन्या प्रिंटरना हे उत्तर देता येत नाही. त्यांना नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता पाहून आत घेतात, आणि तो पत्ता अनेकदा प्रिंटरच्याच पाठीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो.