कुकडीकाठचा आदिमानव आणि वर्णभेदाची कुळकथा

सह्याद्रीच्या माथ्यावर, नाणेघाटाच्या अलीकडे, पूर येथील कुकडेश्वराच्या प्राचीन शिवालयापाशी उगम पावून पूर्वेकडे वाहत जाणारी कुकडी, तिला वाटेत येऊन मिळणारी पुष्पावती, मीना, आणि आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम सरहद्दीवरील आहुप्याच्या डोंगरांतून निघून शिरूरकडे उतरणारी घोड, या नद्यांच्या खोऱ्यांचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे आपण मराठी माणसे सहसा शिवनेरीपासून आरंभ करतो. फार तर सातवाहन राणी नागनिकेच्या नाणेघाटातील लेखापर्यंत, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षे मागे जातो, आणि तेथे आपले दप्तर संपते. परंतु या मुलखात माणसाच्या वास्तव्याचा जो सर्वांत जुना दाखला आहे तो कोणत्याही लेण्यात कोरलेला नसून जुन्नर तालुक्यातील मौजे बोरी बुद्रुक येथे कुकडीने कापलेल्या दरडीत, गाळाच्या आणि गोट्यांच्या थरांमध्ये दबलेला आहे. मनुष्यजातीच्या उत्पत्तीसंबंधी आणि माणसामाणसांत दिसणाऱ्या कातडीच्या रंगभेदासंबंधी गेल्या काही दशकांत जे ज्ञान झाले आहे, त्याचा आढावा घेण्यास याहून योग्य ठिकाण महाराष्ट्रात दुसरे मला तरी दिसत नाही.

बोरीच्या दरडीत फिकट करड्या, काही ठिकाणी जवळजवळ पांढऱ्या दिसणाऱ्या राखेचा एक थर आहे. आपले सारे पठार ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणाचेच असले, तरी तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि ही राख त्या मानाने अगदी अलीकडच्या नदीगाळात सापडते. म्हणून १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास आरंभिला, तेव्हा ती आली कोठून हाच पहिला प्रश्न उभा राहिला. सूक्ष्मदर्शकाखाली ती काचेच्या वक्र, धारदार कणांची बनलेली दिसते, आणि तिच्या रासायनिक घडणीवरून तिचे मूळ सुमात्रा बेटावरील टोबा या ज्वालामुखीशी जोडले गेले. बोरीपासून ते स्थळ तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर आहे. या राखेच्या सान्निध्यात दगडी हातकुऱ्हाडी आणि रुंद धारेच्या फरशा मिळाल्या; युरोप-आफ्रिकेत ज्या हत्यारांना अश्युलियन म्हणतात, त्याच घडणीच्या. काळ्या दगडाचा मोठा छिलका काढून त्याच्या दोन्ही अंगांवर आघात करीत बदामाच्या आकाराचे हत्यार सिद्ध करावयाचे, ही त्यांची कृती.

राखेच्या वयाविषयी मात्र विद्वानांत जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही, आणि तो वाचकाने समजून घेण्याजोगा आहे. पोटॅशियम व आर्गॉन यांच्या प्रमाणावरून केलेल्या पहिल्या मापनात ही राख सुमारे १४ लाख वर्षांपूर्वीची ठरली. १९९५ साली शीला मिश्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुधारलेल्या पद्धतीने फेरतपासणी करून सुमारे ६ लाख ७० हजार वर्षांचा आकडा प्रसिद्ध केला. आणि काचकणांच्या रसायनावर भिस्त ठेवणाऱ्या दुसऱ्या पक्षाने ही राख टोबाच्या सर्वांत अखेरच्या, म्हणजे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाचीच आहे असा निर्णय दिला. नदी जुनी राख उचलून नव्या गाळात टाकू शकते, जुन्या खनिजकणांची भेसळ झाल्यास वय फुगते, आणि एकाच ज्वालामुखीच्या निरनिराळ्या स्फोटांची काच बरीचशी सारखी असते. त्यामुळे प्रत्येक पक्षाच्या पुराव्यात खाचखळगे आहेत. हत्यारांची घडण पाहता मला जुन्या काळाकडे झुकणारे मत अधिक सयुक्तिक वाटते. तमिळनाडूतील अत्तिरमपाक्कम येथे तशाच हत्यारांचे वय सुमारे १५ लाख वर्षे असल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाल्यापासून कुकडीकाठच्या जुन्या आकड्यांना अशक्य म्हणण्याचे कारणही उरलेले नाही.

ही हत्यारे घडविणारे हात कोणाचे? वय सहा-सात लाख वर्षे मानले तर ते आपल्या जातीचे, म्हणजे प्रज्ञ मानवाचे नव्हते हे निश्चित. कारण त्या जातीचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथील असून ते सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. बोरीचे कारागीर ताठ चालणाऱ्या, हात कुशल असलेल्या, परंतु मेंदूच्या घडणीत आपल्याहून वेगळ्या अशा पूर्वमानवाच्या कोणत्या तरी शाखेचे असावेत. कुकडी-घोडेच्या गाळात त्यांचे हाड अद्याप मिळालेले नाही. भारतात त्या पुरातन मानवाची कवटी मिळाली ती नर्मदाकाठी हथनोरा येथे, ५ डिसेंबर १९८२ रोजी, भूशास्त्रज्ञ अरुण सोनकिया यांना.

हाड मिळाले असते तरी त्याच्या आकारावरून कातडीचा वर्ण समजला नसता. येथे आनुवंशविज्ञान साहाय्याला येते, आणि त्याचा वृत्तांत मोठा उद्बोधक आहे. आपला निकटतम आप्त जो चिंपांझी, त्याच्या केसांखालील कातडी फिकट असते. आपले पूर्वज दाट अरण्य सोडून उघड्या गवताळ प्रदेशात भर उन्हात दूरवर चालू लागले, घाम गाळून अंग थंड राखण्याची सोय त्यांच्या शरीरात झाली, आणि अंगावरील लव विरळ होत गेली. तेव्हा ती फिकट कातडी उन्हात उघडी पडली. कातडीचा वर्ण ठरविण्यात भाग असणाऱ्या एका जनुकाच्या आफ्रिकी आवृत्तींचा अभ्यास करून अ‍ॅलन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली असे अनुमान काढले की, निदान १२ लाख वर्षांपूर्वी मानवाचे पूर्वज कृष्णवर्णी झालेले होते. हे अनुमान स्वीकारले आणि बोरीच्या राखेचे मधले वय मानले, तर कुकडीच्या पात्रात दगड फोडीत बसलेला तो पहिला रहिवासी काळा होता असेच म्हणावे लागते.

काळेपणाचे हे संरक्षण कशापासून, याचा उलगडा जुन्नरच्या अक्षांशावरूनच करता येतो. हे गाव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर आहे. म्हणून मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होते. जुलैत आषाढाचे ढग आड येतात. परंतु फाल्गुनापासून मृगापर्यंत या पठारावर अतिनील किरणांचा जो मारा होतो तो अत्यंत प्रखर असतो. या किरणांनी रक्तातील फोलेट नावाचे जीवनसत्त्व नष्ट होते असे १९७८ साली प्रयोगाने दाखविण्यात आले. आणि फोलेट कमी पडले तर गर्भावस्थेच्या पहिल्या आठवड्यांत बाळाच्या मज्जारज्जूची घडण बिघडते. नीना जॅब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी २००० साली या धाग्यावरून अशी उपपत्ती मांडली की, प्रखर उन्हाच्या प्रदेशात काळी कातडी टिकली ती मुख्यतः संततीच्या रक्षणासाठी. कातडीचा कर्करोग बहुधा उतारवयात, मुले होऊन गेल्यावर होत असल्यामुळे केवळ त्याच्या भयाने निसर्गनिवडीला एवढे बळ आले नसते, हा त्यांचा युक्तिवाद मला पटतो. उलट बाजूस, ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी तेच किरण थोडे तरी कातडीत शिरावे लागतात. उत्तरेकडील मंद सूर्याच्या प्रदेशात काळी कातडी ते अडवून धरते आणि मुलांना मुडदूस होतो. म्हणून तेथे फिकट वर्ण तगला. ध्रुवाजवळचे इन्यूइट लोक मात्र त्या मानाने सावळेच राहिले, कारण मासे व सागरी प्राणी यांच्या आहारातून त्यांना हे जीवनसत्त्व भरपूर मिळत आले.

वर्णाचा हा भेद किती वरवरचा आहे तेही पाहावे. कातडीत रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींची संख्या काळ्या व गोऱ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. भेद असतो तो त्या पेशी मेलॅनिनचे कण किती मोठे घडवितात, कोणत्या प्रकारचे घडवितात आणि ते कसे विखुरतात, एवढ्यापुरताच.

प्रज्ञ मानवाच्या ज्या टोळ्या सुमारे ६०-७० हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून बाहेर पडल्या आणि ज्यांची संतती आज आफ्रिकेबाहेरील जवळजवळ सारी मनुष्यजात आहे, त्या टोळ्या सावळ्या-काळ्या वर्णाच्या होत्या, आणि युरोपात पोचल्यानंतरही त्यांचे वंशज दीर्घ काळ तसेच राहिले. स्पेनमधील ला ब्रान्या येथील सुमारे ७ हजार वर्षांपूर्वीच्या एका शिकाऱ्याच्या अस्थींतील जनुके २०१४ साली वाचण्यात आली, तेव्हा त्याची कातडी काळसर आणि डोळे निळे असावेत असे निष्पन्न झाले. गोरेपणाला युरोपची सनातन मिरास समजणाऱ्यांना हा पुरावा नाकारता येण्याजोगा नाही. त्यानंतर २०१७ साली सारा टिश्कॉफ यांच्या गटाने आफ्रिकेतील लोकांच्या अभ्यासातून दाखविले की, वर्ण फिकट वा गडद करणारी कित्येक जनुकरूपे आफ्रिकेतच लाखो वर्षांपासून एकत्र नांदत आलेली आहेत. त्यांपैकी काही तर आपल्या जातीच्या उदयाहूनही जुनी आहेत.

आपल्या देशाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा धागा एका लहानशा माशापासून सुरू होतो. पट्टेदार झेब्रा माशाचा एक सोनेरी प्रकार असतो. तो सोनेरी का, याचा शोध घेताना २००५ साली अमेरिकेतील कीथ चेंग यांच्या गटाला एक जनुक सापडले, आणि माणसातही त्याच जनुकातील केवळ एका अक्षराच्या बदलाने कातडी फिकट होते असे आढळले. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली भारतीय समाजांत या बदलाची तपासणी केली. तो बदल युरोपीयांत आणि भारतीयांत एकाच मूळपुरुषापासून आलेला असून त्याचे वय सुमारे २२ ते २८ हजार वर्षे आहे, आणि त्याचे प्रमाण प्रदेशागणिक व समाजागणिक कमीजास्त होते, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. वर्ण अनेक जनुकांच्या समुच्चयाने ठरत असल्यामुळे एकाच आईबापांच्या पोटी एक मूल गहूवर्णी आणि दुसरे सावळे निपजते, हे तर प्रत्येक मराठी घरात दिसते.

निरनिराळ्या जनसमूहांचे हे मिश्रण झाले केव्हा? २०१३ सालीच प्रिया मूरजानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, भारतात उत्तरेकडील व दक्षिणेकडील अशा दोन प्राचीन जनसमूहांचा व्यापक संकर ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाला आणि पुढे जातीबाहेरील विवाहांवरील निर्बंध वाढत गेला. हा काळ घोड-कुकडीच्या खोऱ्यावर ठेवून पाहावा. घोड नदीच्याच काठी, खाली शिरूर तालुक्यात इनामगाव येथे सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत जे उत्खनन केले, त्यातील शेतकऱ्यांची वस्ती इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील, म्हणजे संकराच्या ऐन भरातील आहे. मृत बालकांना दोन रांजणांची तोंडे जुळवून घराच्या जमिनीखाली पुरणारी आणि प्रौढांचे पाय घोट्यांपासून तोडून त्यांना दफन करणारी ती माणसे आपली पूर्वज असण्याचा संभव मोठा आहे. आणि संकराचे दार मिटू लागले तो काळ जुन्नरच्या लेण्यांचा. तेथे इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आजही वाचता येतात. पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी, जुन्नर काही काळ निजामशाहीची राजधानी असताना, त्या राज्याची सूत्रे हबसाणात जन्मलेल्या व गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबराच्या हाती होती, आणि त्याने बसविलेल्या जमीनधाऱ्याच्या पद्धतीची आठवण या देशच्या कुणब्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आदराने राखली. शुद्ध रक्ताची वंशावळ जेथे मांडता येईल असा हा मुलूख कधीच नव्हता.

तरीही तशी वंशावळ मांडण्याचे प्रयत्न झाले. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकांची मापे घेऊन हिंदी लोकांचे वंश ठरविले आणि मराठ्यांना शक-द्रविड या वर्गात घातले. त्या साऱ्या शास्त्राला ज्यांनी आतून उत्तर दिले त्या विदुषी आपल्याच पुण्याच्या होत. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठतेचे कट्टर पुरस्कर्ते होते. युरोपीयांच्या कवटीच्या दोन बाजूंतील असमानता ही त्यांच्या बुद्धिश्रेष्ठतेची खूण आहे ही फिशर यांची कल्पना तपासण्याचे काम बाईंकडे आले. त्यांनी निरनिराळ्या खंडांतील कवट्या मोजल्या आणि वंशाचा व या असमानतेचा काही संबंध नाही, हेच निर्भयपणे लिहून दिले. परदेशी विद्यापीठात, परक्या भाषेत, गुरूच्या मताविरुद्ध असा निष्कर्ष मांडणाऱ्या त्या तरुण स्त्रीचे धैर्य आपल्या शाळांतून मुलांना सांगितले जात नाही, याची मला खंत वाटते. पुढे डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील निरनिराळ्या जातींची शरीरमापने १९५१ साली प्रसिद्ध केली, आणि एकाच नावाखाली मोडणाऱ्या ब्राह्मणांच्या पोटजातीसुद्धा एका मुळाच्या नाहीत असे प्रतिपादन केले.

आज जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा वेचणारे महादेव कोळी, ठाकर व कातकरी, आणि पूर्वेकडे बटाटा, टोमॅटो, द्राक्षे पिकविणारे बागाईतदार यांच्या कातडीत जो कमीजास्त काळसरपणा आहे, तो पूर्वजांनी किती ऊन सोसले आणि कोणकोणते जनसमूह या खोऱ्यांत येऊन एकत्र झाले, याचा परिणाम होय. बुद्धी, कुलशील वा कर्तृत्व यांचा त्याच्याशी संबंध दाखविणारा एकही पुरावा नाही. असे असता सावळ्या मुलीच्या आईबापांना स्थळ पाहताना जी मानखंडना सोसावी लागते, आणि ती मुलगी स्वतःविषयी जे लहानपणापासून ऐकत येते, तो सरळ अन्याय आहे. विठ्ठलाला सावळा म्हणून आळविणाऱ्या समाजात तो चालावा, हे मला असह्य वाटते.

दोन विनंत्या. पहिली या दोन्ही तालुक्यांतील महाविद्यालयांच्या अध्यापकांना व विद्यार्थ्यांना: वाळूच्या उपशात आणि शेतांच्या सपाटीकरणात नदीकाठचे जुने थर नाहीसे होण्यापूर्वी कुकडी, मीना व घोड यांच्या दरडी चालून पाहाव्यात, राखेचा थर वा घडविलेला दगड दिसल्यास तो न उचलता त्या जागेची नोंद करावी आणि डेक्कन कॉलेजास कळवावे. दुसरी विनंती ज्यांच्या घरी यंदा तुळशीचे लग्न लागल्यावर मुलामुलींची स्थळे पाहण्यास आरंभ होईल त्या वाचकांना: परिचयपत्रात जन्मवेळ आणि उंची यांच्या जवळ वर्णाचा जो रकाना असतो, तो छापण्यास देण्यापूर्वी काढून टाकावा.