कडी कोणी लावली?

परदेशी स्लॅशर सिनेमात कोंडलेल्या मुलीला कोंडणारा माणूस बहुधा परका असतो. 1974च्या 'द टेक्सास चेन सॉ मॅसॅकर'मध्ये सॅलीला खुर्चीला जखडून जेवणाच्या टेबलाशी बसवतात. समोर अख्खं कुटुंब असतं, पण ते तिचं नसतं. 1978च्या 'हॅलोविन'मध्ये लॉरी कपाटात दडते आणि बाहेरून एक मुखवटा फळ्या फोडत येतो. आपल्याकडच्या भयपटांचा गेल्या पन्नास वर्षांचा मागोवा घेताना मला सारखं जाणवतं, की आपल्या पडद्यावर कडी लावणारा हात फार क्वचित परका असतो.

नसरापूर, भोर, वेल्हे या पट्ट्यातल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. इथल्या जुन्या वाड्यांची रचनाच बघा. मोठ्या दरवाजाला दिंडी, आतून भिंतीत सरकणारा अडसर, पुढे चौक, मग माजघर आणि त्याच्या आत उजेड न पोचणारी बाळंतिणीची खोली. चोर-दरोडेखोर आत येऊ नयेत म्हणून केलेली ही व्यवस्था आतल्या माणसाला बाहेर जाऊ न देण्यासाठीही तेवढीच पक्की. घरातल्या सुनेला ते ठाऊक होतं. सिनेमाला कळायला वेळ लागला.

1972 साली रामसे बंधूंनी महाबळेश्वरला मुक्काम ठोकून 'दो गज जमीन के नीचे' काढला. थोडे पैसे, घरचीच माणसं, सरकारी विश्रामगृहाच्या खोल्या. पुढे 1984चा 'पुराना मंदिर' तुफान चालला. त्यातला सामरी हा स्वतःच बंदिवान आहे. धड एकीकडे पुरलेलं, मुंडकं दुसरीकडे पेटीत साखळदंडांनी जखडलेलं. त्याच्या शापाने मात्र राजघराण्यातल्या बायका बाळंतपणात मरतात. गुन्हा पुरुषांच्या पिढीतला आणि शिक्षा बाईच्या पोटाला. ही कल्पना विलक्षण होती. रामसेंनी तिचं काय केलं? किंकाळी, ओली साडी, पळापळ. संकटातल्या बाईकडे कॅमेरा राक्षसाच्या नाहीतर पिटातल्या प्रेक्षकाच्या नजरेने बघत राहिला. तिला स्वतःला काय दिसतंय, हे त्याने विचारलंच नाही. व्हिडिओवर हे सिनेमे बघताना आम्ही मुलं घाबरायचो, हे खरं. पण ती भीती राक्षसाच्या चेहऱ्याची होती. बाईची भीती आमच्यापर्यंत पोचत नव्हती.

मराठीत त्याआधीच, 1976मध्ये, वसंत जोगळेकरांचा 'हा खेळ सावल्यांचा' आला होता. आशा काळे यांची इंदू भुताच्या धास्तीने आतून पोखरली जाते. तिथे साखळदंड नाहीत, दरवाजाही उघडा आहे, तरी ती सुटू शकत नाही. गाण्यांमुळे हा सिनेमा लोकांच्या लक्षात राहिला. त्यातल्या त्या कोंडीबद्दल कोणी फारसं बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं.

त्याच वर्षी पुण्यात जे घडलं, त्यापुढे सगळे भयपट फिके पडले. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळातलं जोशी-अभ्यंकर हत्याकांड. दहा खून झाले. बहुतेकांना त्यांच्याच घरात बांधून नायलॉनच्या दोरीने गळे आवळले. करणारे कला महाविद्यालयातले विद्यार्थी होते. तिन्हीसांजेला पुण्याच्या पेठा ओस पडत आणि बेल वाजली तरी दार उघडायला कोणी धजत नसे. ती धास्ती सातारा रस्त्याने 35-40 किलोमीटर खाली आमच्याकडेही उतरली होती. 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली आणि 1986मध्ये राजदत्त यांनी 'माफीचा साक्षीदार' केला. नाना पाटेकरांचा चेहरा त्यातून कायमचा मनात घुसतो. पण सिनेमा मारणाऱ्यांचा राहिला. बांधलेल्या माणसांच्या शेवटच्या तासाकडे त्याला फार वेळ थांबता आलं नाही. कदाचित इतक्या ताज्या जखमेवर ते शक्यही नव्हतं. याच प्रकरणाचा धागा घेऊन अनुराग कश्यप यांनी केलेला 'पाँच' तर वर्षानुवर्षे सेन्सॉरच्या फेऱ्यात अडकला. मानवत गावातल्या बायकामुलींच्या हत्याकांडावर अमोल पालेकरांनी 1981मध्ये 'आक्रीत' केला होता, पटकथा विजय तेंडुलकरांची. त्याचा रोख अंधश्रद्धेवर आणि हावेवर होता, आणि तो योग्यच होता.

1993चा 'झपाटलेला' मी या रांगेत मुद्दाम धरतो. महेश कोठारे यांनी अमेरिकेतल्या 'चाइल्ड्स प्ले'ची कल्पना उचलली, पण बाहुलीला रामदास पाध्ये यांचे हात आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज मिळाला आणि तात्या विंचू इथलाच झाला. लक्ष्या जिवाच्या आकांताने खरं सांगतोय आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, ही त्या सिनेमातली खरी कोंडी. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी ती हसवता हसवता इतकी नेमकी पोचवली, की पोरं रात्री बाहुल्या कपाटात बंद करून झोपत.

त्यानंतर 1999चा 'कौन'. तीनच पात्रं, एक घर, बाहेर पाऊस, एकही गाणं नाही. दार लावून आत बसलेल्या ऊर्मिला मातोंडकरच्या श्वासाला कॅमेरा चिकटून राहतो, आणि शेवटी कळतं की ज्याला भ्यायचं ते दाराच्या आतच होतं. राम गोपाल वर्मांच्या या सिनेमाने एक गोष्ट सिद्ध केली: भीती दाखवायला रक्त लागत नाही, बघणारा डोळा कोणाचा हे ठरवावं लागतं.

हे धडे एकत्र आले ते 2017च्या 'लपाछपी'त. विशाल फुरिया यांनी गरोदर नेहाला उसाच्या फडातल्या घरात आणून ठेवलं. उसात शिरलेल्या माणसाला दहा पावलांवर दिशा कळत नाही, हे ज्याने ऊस तोडलाय त्याला सांगायला नको. दिवसाढवळ्या, भर उन्हात, हिरव्यागार भिंतींत ती कोंडली जाते. उषा नाईक यांची तुळसाबाई तिला प्रेमाने जेवू घालते, पोटाची काळजी घेते, आणि तीच मायेची पकड हळूहळू आवळत जाते. मुलगी नको म्हणून मारलेल्या जिवांचा हा सिनेमा आहे. पूजा सावंतने बाळाला जपणाऱ्या बाईचं धावणं असं उभं केलंय, की बघणाऱ्याचा हात आपोआप पोटाशी जातो. फुरिया यांनीच 2021मध्ये 'छोरी' नावाने तो हिंदीत केला.

'लपाछपी'च्या पुढच्याच वर्षी, 2018मध्ये, राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' आला. नारायण धारपांच्या एका गोष्टीतून तो रुजला होता. त्यातला वाडा म्हणजे सासवडचा पुरंदऱ्यांचा वाडा. कापूरहोळहून नारायणपूरमार्गे गेलं तर आमच्याकडून जवळच. साखळीने जखडलेली आजी आणि तिच्यापाशी एकटा सापडलेला विनायक, हा प्रसंग बघताना कोण कोणाच्या कैदेत आहे हे ठरवता येत नाही. आजीला मरणही नाही. हावेपोटी तोच विनायक मोठा होऊन परत येतो, तेव्हा तिच्या अंगातून झाड उगवलेलं असतं. 2024मध्ये हा सिनेमा पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला, यात मला नवल वाटलं नाही.

त्याच 2024मध्ये मानवतवर मालिका आली. ती पुन्हा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांनी सांगितलेली. आशुतोष गोवारीकरांचं काम संयत आहे, मालिका मी एका बैठकीत पाहिली. पण ज्या बायकामुलींना ओढून नेलं, त्यांच्या बाजूने मानवत अजून कोणी पाहिलेलं नाही. ते लिहायला आता कोणीतरी बसलं पाहिजे.