श्वानांचा स्वभाव आणि त्यांचा खेळ

व्यक्ति तितक्या प्रकृति हें वचन मनुष्यांप्रमाणेंच कुत्र्यांसही लागू पडतें आणि त्याचा प्रत्यय त्यांच्या खेळांत विशेष येतो. एकाच वेतांतलीं दोन पिलें पाहावीं. एक चेंडू दिसतांच त्यावर झेप घेतें; दुसरें दूर राहून निरखतें आणि पहिलें दमून बसल्यावर हळूच पुढें येतें. पहिल्यास हुषार व दुसऱ्यास मंद ठरविण्याची घाई पुष्कळ घरांतून होते. परंतु हा भेद बुद्धीचाच असतो असें नाहीं. बहुधा तो स्वभावाचा असतो.

या स्वभावभेदाचें मोजमाप स्वीडनमध्यें झालें आहे. स्वार्टबर्ग व फोर्कमन या संशोधकांनीं १६४ जातींच्या पंधरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या चांचणीचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध केले. त्यांत खेळकरपणा, निर्भय जिज्ञासा, पाठलागाची ओढ, माणसांची आवड आणि आक्रमकता असे पांच गुण वेगवेगळे आढळले. म्हणजे फडक्याची ओढाओढ ज्याला प्रिय, त्याला पळत्या वस्तूमागें धांवणेंही तितकेंच आवडेल असा नियम नाहीं. जात पाहून स्वभाव ठरविणेंही धोक्याचेंच. कारण एकेका कुत्र्याच्या वर्तनांतील भेदांपैकीं सुमारें ९ टक्क्यांचाच उलगडा जातीवरून होतो, असें २०२२ सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत दिसून आलें.

मग भिन्न स्वभावांचीं दोन कुत्रीं एकत्र खेळतात तरी कशीं? पुढचे पाय पसरून, छाती भुईस टेकवून व मागचा भाग उंच ठेवून कुत्रा जणूं सांगतो, ‘आतां जें होईल तो खेळ समजावा.’ जोराच्या लटक्या चाव्याच्या आगेंमागें हा नमस्कार अधिक आढळतो, हें मार्क बेकॉफ यांनीं १९९५ सालीं दाखविलें. शिवाय बलवान कुत्रा पुष्कळदां आपण होऊन उताणा पडतो आणि दुबळ्यास वरचढ होऊं देतो.

तथापि धीट कुत्र्याचा उत्साह भित्र्यास कधीं कधीं जाचही होतो. तो ओळखण्याची युक्ति सोपी आहे. वरचढ कुत्र्यास क्षणभर धरून ठेवावें. दुसरा परत येऊन त्याला डिवचूं लागला, तर तो खेळ. तो दूर निघून गेला, तर ती सुटका.

हीच कसोटी घरांतील मुलांनाही शिकवावी. शेपूट पोटाशीं घेऊन, अंग ताठ करून, तोंड फिरविणारें कुत्रें ‘पुरे’ असें सांगत असतें. तें न जाणतां त्याला कोपऱ्यांतून ओढून काढल्यास प्रसंगीं चावा बसतो आणि दोष मात्र त्या मुक्या जनावराच्या माथीं येतो. अशा बुजऱ्या कुत्र्यास दडविलेला भाकरीचा तुकडा हुंगून शोधूं द्यावा; त्याचा खेळ तोच. ज्याचा स्वभाव ओळखला, त्याच्याशींच खेळ जमतो.