अक्षरांचा दरारा

जादू, ड्रॅगन, परग्रह असं काही चित्रपटात असलं की त्याचं नाव लिहिण्याचे साचे ठरलेले असतात. टोकं काढून लांबवलेली अक्षरं, मठातल्या जुन्या हस्तलिखितात शोभतील अशी गोलसर वळणं, नाहीतर गंज चढलेलं लोखंड. पोस्टर रस्त्याच्या पलीकडून दिसलं तरी आत काय आहे ते कळतं. धंद्याला हे सोयीचं आहे, पण मला त्यात एक खोट दिसते. अशा चित्रपटाला एक अशक्य जग प्रेक्षकाच्या गळी उतरवायचं असतं, आणि इथे नावच आधी डोळा मिचकावून मोकळं होतं. १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स'चं नाव मात्र सरकारी हुकूम सुनावावा तसं समोर येतं. दिग्दर्शक जॉर्ज लुकसची गोष्ट राजकन्येची, जादूगाराची आणि तलवारीची, म्हणजे अस्सल परीकथा. तिचं नाव एखाद्या कचेरीच्या पाटीवर चालेल अशा जाडजूड अक्षरांत लिहिलंय, आणि तीच त्याची ताकद आहे.

ते घडलं आडवाटेनं. पडद्यावरच्या शीर्षकाचं काम डॅन पेरी यांच्याकडे होतं. 'द एक्झॉर्सिस्ट' आणि 'टॅक्सी ड्रायव्हर'ची शीर्षकं त्यांचीच. सेसिल बी. डमिल यांच्या १९३९ सालच्या 'युनियन पॅसिफिक'मध्ये नावं रेल्वेच्या रुळांवरून लांब जात निमुळती होतात, ते त्यांच्या डोक्यात होतं. अवकाशात दूर सरकत जाणारा मजकूर हा 'स्टार वॉर्स'चा प्रसिद्ध आरंभ त्यातून आला. त्याच निमुळत्या चालीचं, आत तारे भरलेलं नावही पेरींनी काढलं. प्रदर्शनाआधीच्या जाहिरातींत आणि थिएटरांच्या दर्शनी फलकांवर ते भरपूर झळकलं. चित्रपटात मात्र आलं नाही.

चित्रपटात आलं ते एका माहितीपत्रकावरचं नाव. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सला १९७६ मध्ये थिएटरमालकांना वाटायला पत्रक हवं होतं. ते काम लॉस एंजेलिसच्या सायनिगर या जाहिरातसंस्थेतल्या सूझी राइस या तरुण कलादिग्दर्शिकेकडे आलं. व्हॅन नाइसला इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या स्पेशल इफेक्ट्स कंपनीच्या जागेत त्या लुकसना भेटल्या. राइस यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे मागणी अशी होती: पाहणाऱ्याला दरारा वाटला पाहिजे, अक्षरं अगदी 'फॅसिस्ट' दिसली पाहिजेत. योगायोगाने त्या जर्मन अक्षररचनेच्या इतिहासावरचं पुस्तक वाचत होत्या. त्यांनी निवडलं हेल्व्हेटिका ब्लॅक.

गंमत अशी की हेल्व्हेटिकाचा नाझींशी काडीचा संबंध नाही. हा टाइप १९५७ चा, स्वित्झर्लंडमधल्या हास फाउंड्रीत माक्स मीडिंगर यांनी काढलेला, मूळ नाव नॉये हास ग्रोटेस्क. उलट नाझींची म्हणून आपण ओळखतो ती टोकेरी काळी गॉथिक अक्षरं खुद्द नाझी पक्षानेच जानेवारी १९४१ मध्ये 'ज्यूंची' ठरवून बंद केली होती. म्हणजे दरारा इतिहासातून आलेला नाही. तो वजनातून आला: जाड दांडे, मोजून ठेवलेल्या फटी, नक्षीला कुठेही जागा नाही.

आता ते नाव जवळून पाहा. रोमन लिपीत 'स्टार' आणि 'वॉर्स' दोन्ही चार-चार अक्षरांचे, एकाखाली एक. पहिल्याचा एस डावीकडे वर, दुसऱ्याचा एस उजवीकडे खाली. मधे ए आणि आर दोन्ही ओळींत येतात, पण एकेक घर सरकून. अशा मांडणीत डोळा ठरत नाही. शिवाय टीच्या आडव्या दांडीखाली ए उभा राहिला की मधे तिरकस पोकळी पडते, ही अक्षरकारांची नेहमीची डोकेदुखी. लुकसनी पहिला आराखडा पाहून शेरे दिल्यावर राइस यांनी एक सुंदर युक्ती केली. वरच्या ओळीत एस टीला जोडला, खालच्या ओळीत आर एसला जोडला. दोन सांधे, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. त्यामुळे आठ सुटी अक्षरं एकच ठोकळा झाली. अक्षरं भरीव न ठेवता फक्त कडेच्या रेषेत काढल्यामुळे हे सांधे ठसठशीत दिसतात.

निर्माते गॅरी कर्ट्झ यांना हे इतकं पटलं की त्यांनी पेरींचं नाव बाजूला ठेवून पडद्यावर हेच घेतलं. फक्त डब्ल्यूची टोकं बोथट केली. बारीकसा फरक, पण टोकदार डब्ल्यू ठेवला असता तर पुन्हा तोच तलवारीचा साचा आला असता.

पाठोपाठ सरकणारा मजकूर तेव्हा संगणकावर करायची सोय नव्हती. सुमारे ६१ सेंटिमीटर रुंद आणि १८० सेंटिमीटर लांब फलकावर तो मांडून जमिनीवर ठेवला, आणि कॅमेराच त्याच्यावरून लांबीच्या दिशेने फिरवला. जराही धक्का लागला की पडद्यावर ओळी थरथरणार. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिशसाठी हा खटाटोप पुन्हा करावा लागला.

देवनागरीत काम करणाऱ्याला राइस यांच्या सांध्यांचं वेगळं कौतुक वाटेल. आपल्याकडे शिरोरेषा शब्दाला फुकटात बांधून देते, त्यामुळे आपल्या अक्षरकाराची कसरत ती रेषा कुठे तोडायची याची असते. मराठी नाटकांची शीर्षकं करणारे कमल शेडगे (१९३५–२०२०) या खेळातले उस्ताद होते.

साच्याबाहेरची चांगली उदाहरणं आणखीही आहेत. हॅरी पॉटरच्या नावातला विजेसारखा पी मेरी ग्रांप्रे यांनी १९९८ च्या अमेरिकी आवृत्तीसाठी काढला. पोराच्या कपाळावरचा व्रण एका अक्षरात आला. पुढे चित्रपटांनी त्याला धातू चढवला आणि तो भागागणिक काळवंडत नेला. ते मला जरा जास्तच वाटतं.

'स्टार वॉर्स'च्या अक्षरांवर असा मुलामा फार चढला नाही. १९८१ च्या पुनःप्रदर्शनात मजकुराच्या माथ्यावर 'एपिसोड फोर, अ न्यू होप' आलं, तरी नाव तेच राहिलं. २०१५ च्या 'द फोर्स अवेकन्स'च्या पोस्टरवर नव्या भागाचं नाव दोन शब्दांच्या मधल्या पट्टीत बसवलंय. त्यासाठी वरची ओळ वर आणि खालची खाली सरकवावी लागली, पण सांधे जिथल्या तिथे आहेत.