सखाराम रावांचा गोट्टू

ताजमहाल या नावाने गाणारा अमेरिकी ब्लूज गिटारवादक मी कॉलेजात असल्यापासून ऐकतो आहे. मूळ नाव हेन्री सेंट क्लेअर फ्रेडरिक्स, जन्म १९४२चा. १९९५ साली त्याचा ‘मुमताज महल’ हा अल्बम आला, तेव्हा त्याच्या नावाशेजारी आणखी दोन नावं होती : विश्वमोहन भट्ट आणि चित्रवीणावादक एन. रविकिरण. भट्टांना राय कूडरबरोबरच्या ध्वनिमुद्रणासाठी आदल्याच वर्षी ग्रॅमी मिळालेलं, त्यामुळे ते परिचित होते. मला खेचून नेलं ते चित्रवीणेने. पडदे नसलेलं, आडवं ठेवून वाजवायचं हे वाद्य ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनच्या गाण्यात इतकं सहज कसं मिसळतं, या प्रश्नाच्या मागे लागलो आणि पोचलो थेट कुंभकोणमला. तेही एका मराठी घराच्या दारात.

रविकिरण यांचे आजोबा गोट्टुवाद्यम नारायण अय्यंगार म्हैसूर दरबारचे वादक. चित्रवीणेचं रूढ नाव तेव्हा गोट्टुवाद्यम होतं. अय्यंगारांचे गुरू तिरुविडैमरुदूर सखाराम राव, ते याच मराठी घरातले. दक्षिणेत हे नाव आदराने घेतलं जातं. आपल्याकडे संगीताच्या जाणकारांनाही ते सांगावं लागतं. तंजावरच्या मराठ्यांचा आपला इतिहास सरफोजी राजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांपाशीच थांबतो, याचा मला मनापासून राग आहे.

तिरुविडैमरुदूर हे कुंभकोणमपासून मायिलाडुतुरैच्या रस्त्यावर, जेमतेम आठ-नऊ किलोमीटरवर. महालिंगस्वामींचं प्रचंड देऊळ ही गावाची ओळख. पण १७९८ साली कंपनी सरकारने अमरसिंहांना तंजावरच्या गादीवरून उतरवून सरफोजींना बसवलं, तेव्हा अमरसिंह राहायला आले ते याच गावी. त्यांच्या आश्रयाने इथे गाणं-बजावणं रुजलं, त्यात हिंदुस्थानी गाणंही होतं. आसपासच्या गावांतून भजनाची मोठी परंपरा चालत होती. शेजारच्या गोविंदपुरमला बोधेंद्र स्वामींची समाधी, जवळच्या मरुदानल्लूरला सद्गुरू स्वामींचं स्थान. इथल्या भजनपद्धतीत मराठी अभंग आजही म्हटले जातात.

सखाराम रावांचे वडील श्रीनिवास राव याच वातावरणातले. त्यांच्याबद्दल जे सांगतात ते मला फार महत्त्वाचं वाटतं. भजनाच्या साथीला हाताशी असलेल्या तंबोऱ्याच्या तारांवर लाकडी तुकडा सरकवून ते सूर काढू लागले. तंबोऱ्याचं काम एरवी आधारस्वर धरून ठेवायचं. त्याच्याकडूनच त्यांनी गाणं वदवून घेतलं. मुलाने त्याचं मैफलीचं वाद्य केलं. उजव्या हाताने तार छेडायची, डाव्या हातातला लाकडाचा किंवा शिंगाचा गुळगुळीत गोट्टू तारेवरून फिरवायचा. बोट टेकवायला पडदा नाही. सुराची जागा फक्त कानाने ओळखायची. केसभर हात चुकला तरी बेसूर. पण साधलं, तर एका सुरातून दुसऱ्यात जाताना मधला एकही कण सुटत नाही, आणि कर्नाटक गायकीतले गमक गळ्यातून यावेत तसे तारेतून येतात.

मिसिसिपीतही हेच घडत होतं. टटवायलर स्टेशनवर एक माणूस सुरी तारांवर दाबून गिटार वाजवताना ब्लूज संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी ऐकला, तो प्रसंग १९०३ सालचा मानतात. व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. त्याच तबकडीवर ब्लाइंड विली जॉन्सनचं १९२७मधलं गाणं आहे. त्यात शब्द नाहीत. त्याचं गुणगुणणं आणि तारेवरची घसीट एकमेकांत मिसळून जातात.

मग ही घसीट अमेरिकेत आपल्याकडून गेली का? हवाईयन स्टील गिटारचं श्रेय साधारणपणे जोसेफ केकुकूला देतात. पण हिंदुस्थानात जन्मलेल्या गॅब्रिएल डॅव्हियनने होनोलुलूत त्याच्या आधी, १८८०च्या दशकातच असं वाजवून दाखवल्याची नोंद सापडते. तेवढ्या आधारावर कावेरीपासून मिसिसिपीपर्यंत वंशावळ काढण्याचा उत्साह अनेकांना आवरत नाही. मला तो मान्य नाही. तार गळ्यासारखी बोलावी ही ओढ ठिकठिकाणी स्वतंत्रपणे जागी होऊ शकते, आणि सखाराम रावांची थोरवी त्या वंशावळीवर मुळीच अवलंबून नाही.

ती दिसते त्यांच्या एका शिष्यात. १९०८ साली जन्मलेले सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर लहानपणी सखाराम रावांकडे शिकायला आले, तेही गोट्टुवाद्यम नव्हे, गाणं. मुलाचा आवाज इतका खरबरीत की गाण्याचा नाद सोडून व्हायोलिन घे, असा सल्ला त्याला मिळालेला. सखाराम रावांची शिस्त कडक होती. पुढे सेम्मंगुडींनीच सांगून ठेवलं आहे की सखाराम रावांकडची तालीम हे त्यांच्या सांगीतिक आयुष्याचं वळण होतं. मला हे उलटं नातं विलक्षण वाटतं. गळ्याची नक्कल करण्यासाठी सिद्ध झालेलं वाद्य ज्यांच्या हाती होतं, त्यांच्याकडे गळ्याने हट्ट धरलेला मुलगा गाणं शिकत होता. तान घेताना सूर कुठून कुठे आणि कोणत्या वाटेने जातो, हे पडदे नसलेल्या तारेइतकं उघड करून कोण दाखवणार?

सेम्मंगुडींची पहिली कचेरी, म्हणजे मैफल, १९२६ साली कुंभकोणमलाच झाली. पुढच्या वर्षी ते मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनात गायले, १९४७ साली ‘संगीत कलानिधी’ या किताबाचे मानकरी झाले. एम. एस. सुब्बुलक्ष्मींना त्यांचं मार्गदर्शन लाभलं, आणि २००३ साली, पंचाण्णव वर्षांचे होऊन ते गेले, तेव्हा त्यांच्या हाताखाली तयार झालेले गायक दक्षिणेतल्या सभा गाजवत होते. कर्नाटक गायनाच्या विसाव्या शतकावर एका मराठी भजनी घराचा हात असा फिरलेला आहे.