चौसष्ट शलाकांचा मेळ

शाळेंतील एक जुना खेळ आपणांपैकीं बहुतेकांनीं खेळला असेल. मास्तरांचें तोंड फळ्याकडे वळलें, कीं खिडकीशीं बसलेला मुलगा आरशाचा तुकडा उन्हांत धरतो आणि समोरच्या भिंतीवर कवडसा नाचवितो. हात किंचित् हालला तरी कवडसा हातभर धांवतो; आणि भिंत जितकी दूर, तितकी त्याची धांव मोठी. नोकरीच्या काळांत असे पुष्कळ आरसे मीं जप्त केले. त्या खेळांत भूमितीचा एक धडा दडलेला आहे, हें मात्र तेव्हां वर्गांत सांगावयाचें सुचलें नाहीं. तें आज सांगतों.

लायडार नांवाचें यंत्र प्रकाशानें अंतर मोजतें. लेसरचा क्षणिक झोत समोर सोडावयाचा, तो वस्तूवर आपटून परत येईपर्यंत लागलेला वेळ मोजावयाचा, आणि वेळावरून अंतर काढावयाचें. सेकंदाच्या एक अब्जांश भागांत प्रकाश सुमारें ३० सेंटिमीटर जातो. जाऊन येण्याचा हिशेब धरिला तर तेवढ्या वेळांत १५ सेंटिमीटर अंतर मोजलें जातें. एका शलाकेनें एकच बिंदू कळतो. सभोंवारचें सगळें दृश्य हवें असेल, तर शलाका पुष्कळ पाहिजेत आणि त्या फिरल्या पाहिजेत.

३ नोव्हेंबर १९०७ नव्हे, २००७ रोजीं (जुन्या शतकाची जिभेला संवय!) कॅलिफोर्नियांतील व्हिक्टरव्हिल येथें चालकरहित मोटारींची स्पर्धा झाली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची डार्पा ही संस्था ती भरविणारी. सहा गाड्यांनीं मार्ग पुरा केला, आणि त्यांतील पांचांच्या टपावर डेव्हिड हॉल यांच्या व्हेलोडाईन कंपनीचें एक फिरतें यंत्र होतें. त्यांत चौसष्ट लेसर होते. वरच्या बत्तीस शलाकांत साधारण एक तृतीयांश अंशाचें अंतर, खालच्या बत्तिसांत अर्ध्या अंशाचें. डोकें गरगर फिरत असे आणि सेकंदाला दहा लाखांहून अधिक बिंदू टिपले जात.

आतां त्या आरशाकडे वळूं. चौसष्ट मुलांना एका ओळींत उभें करून, प्रत्येकाचा कवडसा ठरलेल्याच जागीं पडला पाहिजे असें सांगा. काय गोंधळ होईल तो आपण जाणतांच. यंत्रांतही तोच गोंधळ आहे, फक्त बारीक. समजा, भिंगाचें नाभ्यंतर ५० मिलिमीटर आहे आणि लेसरचा कण आपल्या जागेपासून एक दशांश मिलिमीटर, म्हणजे जाडसर केसाएवढा, सरकून बसला. तेवढ्यानें शलाका अंशाच्या एक दशांशाहून किंचित् अधिक कलते, आणि १०० मीटरांवर तिचा ठिपका २० सेंटिमीटर बाजूला पडतो.

याचा परिणाम रस्त्यावर पहा. एखादी शलाका अंशाच्या दोन दशांशांनीं चुकीची धरिली गेली, तर ४० मीटरांवरील सपाट रस्ता १४ सेंटिमीटर उंच भासतो. ही जवळजवळ पदपथाच्या कांठाचीच उंची झाली! गाडी रिकाम्या रस्त्यावर करकचून थांबेल. बरें, असल्या खोट्या उंचवट्यांकडे दुर्लक्ष कर, असें संगणकास शिकवावें, तर रस्त्यांत खरोखर पडलेली वीटही तो दुर्लक्षील. मला तर ही दुसरी चूकच अधिक भयंकर वाटते. पहिलीनें प्रवासी वैतागेल, दुसरीनें कोणाचा तरी जीव जाईल.

मग सर्व शलाका हातानें तंतोतंत बसवाव्यात काय? एका बाबतींत तें करावेंच लागतें. लेसर आणि परतलेला प्रकाश टिपणारा त्याचा जोडीदार, दोघांची नजर एकाच ठिकाणीं लागली पाहिजे. ती चुकली तर प्रकाश टिपणाऱ्यावर पडतच नाहीं. आणि जो आलाच नाहीं, त्याला गणितानें आणतां येत नाहीं. बाकीच्या चुका मात्र राहूं द्याव्यात, पण नीट मोजून ठेवाव्यात, असा शहाणपणाचा मार्ग निघाला. प्रत्येक शलाकेचा आडवा कोन, उभा कोन, अंतरांतील फरक आणि जागेचे दोन फरक, असे पांच आंकडे. चौसष्टांचे मिळून ३२० आंकड्यांचें कोष्टक यंत्राबरोबर येई.

हे आंकडे पडताळण्याची रीत गंवड्याच्या ओळंब्याची आठवण देते. यंत्र एका सपाट भिंतीपुढें ठेवावें. आंकडे बरोबर असतील तर सर्व बिंदू एका पातळींत पडतात. चुकले असतील तर भिंत जाड दिसते, जणूं पापडांची चवड. परंतु एकच भिंत पुरत नाहीं, आणि यांतच खरी मौज आहे. शलाका भिंतीवर काटकोनांत पडत असेल, तर कोनाच्या लहान चुकीनें बिंदू भिंतीवरच इकडेतिकडे घसरतो. भिंत सपाटच दिसते आणि चूक लपून राहते. म्हणून तिरप्या भिंती, जमीन, जवळच्या व दूरच्या पातळ्या, सर्व हवीं. अंतराच्या मापांतील ठराविक चूक जवळ-दूर सारखीच राहते. कोनाची चूक अंतराबरोबर वाढते. या एका भेदावरून दोघी वेगळ्या ओळखतां येतात.

पुढें २०१० साली स्टॅनफर्डचे जेसी लेव्हिन्सन आणि सेबॅस्टियन थ्रन यांनीं खास भिंतीही सोडून दिल्या. जग हें बहुतांशीं अखंड पृष्ठभागांचें बनलेलें आहे. तेव्हां एका शलाकेचे बिंदू शेजारणीनें दाखविलेल्या पृष्ठभागावरच पडले पाहिजेत, एवढेंच त्यांनीं गृहीत धरिलें. गाडी साध्या रस्त्यांनीं फिरवावी, आणि शेजारणींची साक्ष जुळेपर्यंत संगणकानें आंकडे हालवीत राहावें. अलीकडे कांहीं यंत्रांत पुष्कळ लेसर एकाच चकतीवर कोरून काढतात. त्यामुळें त्यांचीं आपसांतील अंतरें जन्मतःच पक्कीं असतात.

तरी एक फसवणूक उरतेच. सर्व शलाकांचें आपसांत एकमत असेल, पण अख्खें यंत्रच टपावर तिरपें बसलें असेल, तर? भिंत सपाट दिसेल, साक्षी जुळतील, आणि सगळें जग तेवढेंच तिरपें दिसेल. यासाठीं गाडीच्या चालीचा स्वतंत्र हिशेब ठेवून तिला एकाच रस्त्यानें नेऊन परत आणावें. जातांना दिसलेला खांब येतांना थोडा सरकलेला दिसला, तर दोष शलाकांत नसून यंत्राच्या बैठकींत आहे.