छऱ्याचा वेग मोजताना माणूस कुठे उभा असतो?

मुलगी शाळेतून आल्यावर रोज तासभर सराव करते. उभे राहणे तेच, श्वास धरणे तेच, चाप ओढणेही तेच. पण महिनाभरापासून एअर रायफलचे छर्रे लक्ष्यावर थोडे खाली पडू लागले आहेत. घरात आधी मुलीचे लक्ष नसते म्हणून बोलणी होतात, मग चष्म्याचा नंबर तपासून होतो. बंदुकीकडे सगळ्यात शेवटी पाहिले जाते. स्प्रिंग मऊ पडली किंवा दट्ट्याचे सील झिजले की छऱ्याचा वेग सेकंदाला १७० मीटरवरून १६० वर येऊ शकतो. दहा मीटर अंतरावर तेवढ्याने छर्रा साधारण दोन मिलिमीटर खाली जातो. या प्रकारच्या लक्ष्यावर एका गुणाचा पट्टा अडीच मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे जवळजवळ एक गुण गेला, तो मुलीमुळे नव्हे, स्प्रिंगमुळे.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक सुवर्ण मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्य पटकावले. सातारा-सांगली-कोल्हापूर भागात पालक या खेळाकडे पाहतात ते अशा नावांमुळे. जावळी तालुक्याचे ठाणे असलेल्या मेढ्यासारख्या गावातही दहा मीटरचा सराव अशक्य नाही. त्याला मैदान लागत नाही; लांब हॉल, मागे भक्कम भिंत, छर्रे अडवणारी पेटी आणि शिस्त लागते. जावळीतल्या पावसात मैदानी खेळ थांबतात, तेव्हा तर हा खेळ सोयीचाच.

रायफल, जाकीट, छर्रे यांच्यामागोमाग प्रश्न येतो तो वेग मोजणाऱ्या यंत्राचा, म्हणजे क्रोनोग्राफचा. घ्यायचा का, आणि कुठला? विकणारा अचूकता, ब्लूटूथ आणि किंमत सांगतो. आरोग्याच्या बाजूने पाहिले तर पहिला प्रश्न वेगळा निघतो: हे यंत्र लावताना, सरळ करताना, त्यावरचा आकडा वाचताना माणसाला नळीच्या तोंडापुढे किती वेळा जावे लागते?

हा प्रश्न उगाच घाबरवण्यासाठी नाही. एअर रायफलला अजूनही अनेक घरांत ‘छऱ्याची बंदूक’ म्हणून खेळण्यात जमा धरतात. नेहमीचा ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सेकंदाला सुमारे १०० मीटर वेगाने त्वचा भेदू शकतो, असे न्यायवैद्यकातल्या प्रयोगांत दिसले आहे. स्पर्धेची एअर रायफल १७० मीटरने छर्रा सोडते. डोळ्याला तर त्वचा भेदण्याइतका वेगही लागत नाही. त्याहून बऱ्याच कमी वेगाचा छर्रा बुबुळ फोडतो किंवा आतला पडदा फाडतो, आणि अशी दृष्टी पुष्कळदा परत येत नाही.

वेगाचा आकडा ऊर्जेत बदलून पाहिला की गोष्ट जास्त स्पष्ट होते. छऱ्याचे वजन ग्रॅममध्ये घ्यावे, वेगाने दोनदा गुणावे आणि २००० ने भागावे. उत्तर ज्यूलमध्ये मिळते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा २०० मीटरने गेला तर १० ज्यूल. तोच २८३ मीटरने गेला तर २० ज्यूल. वेग दीडपटही झाला नाही, पण ऊर्जा दुप्पट झाली. या २० ज्यूलला कायद्यातही अर्थ आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागतो. कोणी जास्त ताकदीची स्प्रिंग बसवून ‘पॉवर वाढवून’ देत असेल, तर ती रेषा ओलांडली की नाही हे अंदाजाने नव्हे, मोजूनच कळते. शेतातल्या वानरांसाठी अशी बंदूक वापरणे हा तर वेगळाच विषय. वन्यप्राण्यांच्या शिकारीला कायद्याने बंदी आहे, एवढे इथे पुरे.

वेग मोजण्याची कल्पना जुनी आहे. इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ मध्ये लंबकाची रीत मांडली: टांगलेल्या जड लाकडावर गोळी झाडायची, लाकूड किती मागे झुलले ते मोजायचे आणि त्यावरून वेग काढायचा. हवा गोळीला किती अडवते याचा खरा अंदाज त्यामुळे पहिल्यांदा आला. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता होऊन भारतात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड इथे तापाने वारला.

आजच्या साध्या यंत्रात लंबकाऐवजी प्रकाश असतो. दोन चौकटी ठरावीक अंतरावर असतात. छर्रा पहिलीतून जाताना क्षणभर सावली पडते आणि घड्याळ सुरू होते, दुसरीतून जाताना थांबते. अंतर ३० सेंटिमीटर असेल तर १७० मीटर वेगाचा छर्रा ते दोन हजारांश सेकंदाहूनही कमी वेळात पार करतो. इथे छोट्या चुका मोठ्या होतात. घडीचे यंत्र पूर्ण उघडले नाही आणि अंतर तीन मिलिमीटरने चुकले, तर वेग एक टक्क्याने चुकला. छर्रा पाच अंशांनी तिरका गेला, तर सुमारे ०.४ टक्के. उघड्यावर ढगाळ, सारखा उजेड या यंत्राला मानवतो. कडक ऊन असेल तर वर पांढरी झडप लावावी लागते. घोटाळा होतो तो हॉलमध्ये. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला ते कळत नाही, यंत्राला कळते. मग कधी आकडाच येत नाही, कधी भलताच येतो. स्वतःचे अवरक्त दिवे असलेली चौकट घेतली तर ही अडचण बरीचशी टळते.

पण खरी अडचण उजेडाची नाही. अशी चौकट नळीच्या पुढे, एअर रायफलसाठी साधारण मीटरभरावर, तिकाटण्यावर उभी करतात. छर्रा नेमका मधून जात नाही, मग कोणीतरी पुढे जाऊन ती अर्धा इंच सरकवतो. पुन्हा एक छर्रा, पुन्हा सरकवणे. चौथ्या-पाचव्या वेळी बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे दोघांपैकी एकाला आठवत नाही. अधिकृत रेंजवर यासाठी नियम आहे: माणूस रेषेपुढे असेल तेव्हा बंदूक उघडी, रिकामी, आत रंगीत सुरक्षा दोरी घातलेली, आणि कोणीही तिला हात लावायचा नाही. घरच्या हॉलमध्ये बाप-लेक दोघेच असतात, तिथे हा नियम पाळला जाईलच असे नाही. शिवाय छर्रा चौकटीच्या काठाला लागला तर तो किंवा त्याचा तुकडा उलटा येतो. म्हणून मोजणी करताना झाडणारा, बघणारा, आकडा लिहिणारा या सगळ्यांच्या डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा सुरक्षा चष्मा हवा. नंबरचा साधा चष्मा त्याची जागा घेत नाही.

नळीच्या तोंडावर चिमट्याने बसवायची नळकांडीसारखी यंत्रे स्वस्त असतात आणि ट्यूबलाइटचा त्यांना त्रास नसतो. मात्र ती जरा जरी वाकडी बसली तर छर्रा आतल्या भिंतीला घासतो. त्यामुळे बसवल्यावर रिकाम्या बंदुकीत मागून उजेड पाडून नळी आणि यंत्र एका रेषेत आहेत का ते पाहावे लागते. नळीला टांगायच्या चुंबकीय पट्ट्या मोठ्या रायफलसाठी वापरतात. त्यांचा आकडा चांगला येतो, पण वजनामुळे नळीची कंपने बदलतात, त्यामुळे मोजताना झाडलेल्या गोळ्यांवरून नेम ठरवता येत नाही.

तिसरा प्रकार रडारचा. गेल्या काही वर्षांत तो तळहातावर मावेल इतका लहान झाला आहे. ज्यांनी गळ्याच्या किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर सोनोग्राफी करून घेतली आहे, त्यांना याचे तत्त्व नवे नाही. तिथे ध्वनीलहरी रक्तपेशींवर आपटून परत येतात आणि त्यांच्या बदललेल्या वारंवारतेवरून रक्ताचा वेग कळतो. इथे रेडिओ लहरी छऱ्यावर आपटून येतात. रक्त सेकंदाला मीटरभर धावते आणि छर्रा पावणेदोनशे, इतकाच फरक. दोन्हीकडे कोनाचे पथ्य सारखे: लहरीची दिशा आणि हालचालीची दिशा जितकी जुळेल तितका आकडा खरा. हे यंत्र बंदुकीच्या शेजारी टेबलावर ठेवतात. कोणाला पुढे जावे लागत नाही, छर्रा यंत्रातून जात नाही, उजेडाशी संबंध नाही. दोष दोन. किंमत प्रकाशाच्या चौकटीपेक्षा कितीतरी पट जास्त, आणि शेजारच्या लेनवर कोणी झाडत असेल तर काही यंत्रे त्याचाच छर्रा मोजून मोकळी होतात. घेण्यापूर्वी ते यंत्र ४.५ मिलिमीटरचा हळू छर्रा पकडते का, हे आपल्याच बंदुकीवर पाहून घ्यावे; मोठ्या रायफलसाठी बनवलेली काही यंत्रे स्फोटाच्या आवाजावर सुरू होतात आणि एअर रायफलचा हलका फटका त्यांना ऐकूच जात नाही.

हॉलमध्ये तीन-चार मुले सराव करत असतील तर पालकांनी मिळून असे एकच रडार घेणे सगळ्यात शहाणपणाचे. ते परवडत नसेल तर अवरक्त चौकट घ्यावी, पण ती एकदाच मापून कायम टेबलाला घट्ट बसवावी, आकडा दाखवणारा भाग मागे असावा. आणि काहीच घ्यायचे नसेल तर मोबाइल आहे. फोन झाडणाऱ्याजवळ ठेवून आवाज नोंदवावा. बंदुकीचा फटका आणि छर्रा लक्ष्यावर आदळल्याचा आवाज यांच्यात दहा मीटरला साधारण ०.०९ सेकंद असतात. त्यातून आवाजाला परत यायला लागणारे ०.०३ वजा केले की छऱ्याचा प्रवास उरतो. हा नळीच्या तोंडाचा वेग नव्हे, वाटेतला सरासरी वेग आहे, आणि तो फार बारीकही नाही. पण स्प्रिंग मऊ पडली का, हे महिन्यागणिक ताडून पाहायला पुरतो.

आकडा हाती आल्यावर त्याचे काय करायचे, यातही चूक होते. रक्तदाब एकदा मोजून कोणी गोळी बदलत नाही, तसेच एका छऱ्याच्या वेगाला अर्थ नाही. निदान दहा छर्रे झाडावेत, सरासरी लिहावी आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांतली तफावत लिहावी. सरासरी वेग कमी असला तरी साइट दोन खटके वर करून भागते. तफावत साइटने सुटत नाही. दहा मीटरला वेगातला एक टक्का फरक छर्रा सुमारे ०.३५ मिलिमीटर वर-खाली करतो, आणि लक्ष्यावर गुणाचा दहावा हिस्सा पाव मिलिमीटरचा आहे. कुसाळे यांच्या ५० मीटर प्रकारात पॉइंट टू टू गोळीच्या वेगातला हाच एक टक्का अडीच मिलिमीटर होतो, म्हणजे दशांशातले तीन गुण. एक टक्क्याची तफावत पकडायची तर यंत्राची स्वतःची चूक एक टक्का असून कशी चालेल? अर्धा टक्का ही वरची मर्यादा समजावी. आणि यंत्र फूट दाखवते की मीटर, हे पहिल्यांदा पाहावे. ५६० फूट म्हणजे १७१ मीटर.

महिन्यातून एकदा मोजणे पुष्कळ झाले. वहीत तारीख, छऱ्याचा डबा कुठला, हवा थंड होती की गरम, दाबाच्या हवेची रायफल असेल तर सिलिंडरमधला दाब, एवढे लिहावे. रोज मोजणाऱ्या मुलाचे मन चापावर राहत नाही. दिवसातून दहा वेळा रक्तदाब पाहणाऱ्याचा दाब जसा त्या पाहण्यानेच चढतो, तसेच हे. मोजणी मोठ्या माणसाने करावी. शिशाचे छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी खाऊ नये, तोंडात छर्रे धरण्याची सवय तर मुळीच लागू देऊ नये.

एवढे करूनही कोणाला छर्रा लागलाच, तर जखमेच्या आकारावर जाऊ नये. बाहेर मसुराएवढे भोक दिसते आणि छर्रा खोल जाऊन बसलेला असतो. घरी चिमट्याने काढण्याचा प्रयत्न करू नये. डोळ्याला लागले असेल तर चोळणे, धुणे, थेंब घालणे काहीही न करता वर कडक झाकण, अगदी कागदी कपचा बूड चालेल, न दाबता चिकटवून थेट नेत्रतज्ज्ञ असलेले रुग्णालय गाठावे. एक्स-रेमध्ये छर्रा पांढरा ठिपका म्हणून दिसतो, पण तो शिशाचा की लोखंडाचा हे चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही. लोखंडी छर्रा डोळ्यात असताना एमआरआय केला तर चुंबक तो आतच हलवतो. म्हणून निघताना छऱ्यांचा डबा खिशात घालावा आणि वेगाची वही असेल तर तीही.